वेवजीच्या वेशीवरचं बिऱ्हाड

नकाशात वेवजी शोधायला गेलात तर बोट सारखं घसरतं. कधी गुजरातेत जातं, कधी परत महाराष्ट्रात येतं. पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्याचं हे टोकाचं गाव. त्याला लागूनच सोळसुंबा, पण ते गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातलं, उंबरगाव तालुक्यातलं. दोघांच्या मध्ये ना डोंगर, ना तारेचं कुंपण. दुकानावरची पाटी मराठीतून गुजरातीत बदलली की समजायचं, राज्य ओलांडलं. तेही अगदी खात्रीचं नाही बरं का! ही हद्द नेमकी कुठून जाते, रस्त्यावरचे दिवे सोळसुंब्याचे की वेवजीचे, यावरून अलीकडच्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींत वाद झाले आणि ते वर्तमानपत्रांतही आले.

पूर्वी हा सगळा एकच मुलूख होता. उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा या तालुक्याचेही दोन झाले. उंबरगावसकट बरीचशी गावं गुजरातेत गेली, उरलेली आधी डहाणूला जोडली, आणि १९६१ साली त्यांचा तलासरी महाल झाला. पुढे २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. म्हणजे वेवजीच्या एखाद्या आजीबाईंनी आपली ओसरी न सोडता तालुकाही बदलला, राज्यही बदललं आणि जिल्हाही!

आपल्याला मात्र इथं यायचं तर ओसरी सोडावी लागते. मुंबईची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते, आणि तिथंच संपते. पुढे मेमू, पॅसेंजर किंवा थांबा असलेली एखादी एक्सप्रेस धरायची. घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव रोड. स्टेशन गुजरातेत, पण तिथून महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर. उंबरगाव गाव आणखी पुढे, समुद्राकडे. तुमच्यापैकी ज्यांनी १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी चूल बंद ठेवून ‘रामायण’ पाहिलं असेल त्यांनी हे गावही पाहिलंच आहे. रामानंद सागरांची ती अयोध्या आणि ती लंका उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओतच उभी होती.

पण आज मी स्टुडिओ दाखवायला आणलेलं नाही. मुंबईच्या दीड खोलीत मुलं मोठी झालेली, बोरिवली-विरारचे भाव आवाक्याबाहेर गेलेले, यजमानांचं काम वापी-सरीगाम-उंबरगावच्या कारखान्यांत लागलेलं, अशी कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात घर बघत फिरतात. रविवारी येतात, नमुन्याचा फ्लॅट बघतात, हॉल केवढा आणि खिडकीतून झाडं किती दिसतात ते बघतात आणि खूश होऊन परततात. अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या राहून जातात. एक म्हणजे धुणं आणि दुसरी म्हणजे कागद. पहिली आपल्या रोजच्या दोन तासांची गोष्ट, दुसरी आपल्या आयुष्यभराच्या पैशाची. म्हणून हा प्रपंच.

आधी धुणं. हसू नका! नवीन गावात गेल्यावर बाईला पहिला परकेपणा जाणवतो तो भाषेचा नव्हे, पाण्याचा. मुंबईचं पाणी येतं तानसा, भातसा, वैतरणा यांच्यावरच्या धरणांतून. ठाणे, पालघर आणि नाशकाच्या डोंगरांत पडलेला तो पाऊस. ते पाणी मऊ. चिमूटभर पावडर टाकली की बादलीभर फेस. त्या फेसाची आपल्या हाताला इतकी सवय झालेली असते की बोअरच्या पाण्यात पहिल्यांदा कपडे भिजवले की वाटतं, साबणच बनावट निघाला. साबण बनावट नसतो. जमिनीतून उपसलेल्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण आधी त्यांच्याशी जुळतो, त्याचा पांढरट साका होतो, आणि क्षार संपल्यावरच मळाकडे वळतो. तो साका कपड्यात बसतो. पंचे खरखरीत होतात, पांढरे शर्ट सहा महिन्यांत कळकट दिसतात आणि बादलीला आतून खवले धरतात. समुद्रकाठ जवळ असला तर काही ठिकाणी पाण्याला मचूळ चवही असते.

तेव्हा घर बघायला जाताना पर्समध्ये एक रिकामी स्वच्छ बाटली आणि साध्या साबणाच्या वडीचा तुकडा न्या. डिटर्जंट नको, त्यानं काही कळणार नाही. बाटली त्या घराच्या नळाच्या पाण्यानं अर्धी भरा, साबणाचे चार कीस टाका आणि जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खाली पाणी निवळ राहिलं, तर पाणी मऊ. फेस बसून गेला आणि पाणी ताकासारखं झालं, तर समजा पाणी जड. विकणारा माणूस बघत राहील, बघू दे. टाकीत टँकरचं पाणी आहे, बोअरचं आहे की नळयोजनेचं, हेही तिथंच विचारा. त्याच मजल्यावर कुणी राहत असेल तर त्या बाईंना विचारा. उत्तर तिथंच खरं मिळतं.

जड पाणी निघालं म्हणून घर नाकारायचं का? छे! सवयी बदलायच्या. साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरा, तिचा असा साका होत नाही. बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून पाच मिनिटं थांबा, मग पावडर टाका. सोड्यानं क्षार खाली बसतात. मात्र रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना सोडा लावू नका, आणि हात नाजूक असतील तर मोजे घाला. शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं की पंचे मऊ राहतात. मशीन असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, टाकून रिकामं गरम पाण्यावर फिरवा. आतल्या कॉइलवरचा थर निघतो. केस धुवायला मात्र निवळ पाणी बाजूला काढून ठेवा. पावसाळ्यात गच्चीवर पातेली मांडणाऱ्या बायका या भागात दिसल्या तर त्यांना वेडं समजू नका!

आता वाळत घालणं. मुंबईच्या चाळीत आपण गॅलरीच्या दोरीवर, छताला टांगलेल्या काठ्यांवर कपडे चढवायला शिकलो. सोवळ्याचं वेगळं, ओवळ्याचं वेगळं, काठीनं उचलून टाकायचं. ती कला इथं पुन्हा उपयोगी पडते, कारण जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर पाऊस मुंबईसारखाच मुसळधार. इमारतीच्या कागदावर ‘ड्राय बाल्कनी’ लिहिलेलं असतं. ती हातानं मोजून बघा. मशीन ठेवल्यावर तुमचा देह वळतो का, दोरी बांधायला दोन भिंती आहेत का, आणि ऊन केव्हा येतं? पश्चिमेची असेल तर हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारचं ऊन मिळेल, पण पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा ओले कपडे पुन्हा ओले. कारखान्यांच्या आणि मोठ्या रस्त्याच्या वाऱ्याखाली घर असेल तर बेडशीट वाळत घालायची वेळसुद्धा वारा बघून ठरवावी लागते. गच्चीवर वाळत घालायला परवानगी आहे का, हेही विचारून ठेवा. कुलूप लावलेली गच्ची ही सगळ्या इमारतींची लाडकी सवय.

गुजराती पद्धतीनं बांधलेल्या घरात एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे चोकडी. स्वयंपाकघराच्या मागं चार बोटं खोल, उतार दिलेला चौकोन. तिथंच भांडी, तिथंच धुणं, पाणी घरात येत नाही. आपली मोरी घराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असते, चोकडीला मात्र हवा आणि उजेड असतो. सोळसुंब्याकडच्या जुन्या घरांत ती बघून घ्या, आणि वेवजीत स्वतंत्र घर बांधायचा विचार असेल तर गवंड्याला आधीच सांगा. शेजारीण ‘लूगडां धोवानां’ म्हणाली तर गोंधळू नका. ‘लूगडां’ म्हणजे नुसती नऊवारी नव्हे, सगळेच कपडे.

पुढच्याच स्टेशनाचं नाव संजाण. इराणातून आलेले पारशी तिथं उतरले असं परंपरा सांगते. त्याची आठवण म्हणून १९२० साली उभारलेला संजाण स्तंभ तिथं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात राजानं घातलेल्या अटी दिल्या आहेत. शस्त्रं ठेवायची, इथली भाषा बोलायची, आणि बायकांनी इथला पोशाख करायचा. वाचताना वाटतं, तहाच्या अटींत बायकांची कपड्यांची पेटीसुद्धा आली होती! साडी आली म्हणजे साडी धुणं आलं, ती वाळत घालायला लांब दोरी आली. अंगातला पांढरा सुदरा मात्र त्यांनी सोडला नाही. देशांतर करणाऱ्या प्रत्येक घरात असंच होतं. वरचं बदलतं, आतलं एखादं तसंच राहतं.

आजच्या देशांतराचंही तेच. अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुली लिहितात की अंगणात दोरी बांधली तर सोसायटीची नोटीस येते. तिथल्या पुष्कळ वसाहतींत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी असते, इतकी की काही राज्यांना दोरीचा हक्क राखणारे कायदे करावे लागले. घर घेताना कर्जाची फी, विमा, कागदपत्रं मिळून किमतीच्या २ ते ५ टक्के वर जातात. जर्मनीत तर घरखरेदीचा करच राज्याप्रमाणे साडेतीन ते साडेसहा टक्के, शिवाय नोटरीचा खर्च वेगळा. तेव्हा हे वरखर्च आपल्याच नशिबी आले असं समजू नका. फरक इतकाच की तिथं ते आधी छापून हातात देतात, इथं आपल्याला शोधून काढावे लागतात.

चला तर, शोधू या. वेवजीच्या परिसरात पहिला प्रश्न विचारायचा तो भावाचा नाही. इमारत कोणत्या राज्यात आहे? हा प्रश्न विनोदी वाटला तरी दस्त कुठं नोंदवायचा, कर कुणाला भरायचा, रेराचा नंबर महाराष्ट्राचा की गुजरातचा, हे सगळं त्यावर आहे. महाराष्ट्रात साठेखत आणि खरेदीखत, तिकडे बानाखत आणि दस्तावेज. इकडे रेडी रेकनर, तिकडे जंत्री. इकडे घरपट्टी, तिकडे घरवेरो. सातबारा दोन्हीकडे आहे, पण तिकडचा गुजराती लिपीत. वाचता येत नसेल तर एजंटाकडून वाचून घेऊ नका, स्वतःचा वकील करा. त्याची फी ही घराच्या किमतीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

आता आकडे. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. खरेदी करणाऱ्या सगळ्या स्त्रियाच असतील तर ती १ टक्का फी माफ. महाराष्ट्रात शुल्क जागेप्रमाणे बदलतं. मुंबईत ६ टक्के, ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्याहून कमी. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पहिल्यांदा तिला अट होती, की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ साली काढून टाकली. शुल्क भरायचं ते तुमचा भाव आणि सरकारी दर यांतला जो जास्त असेल त्यावर. गुजरातनं एप्रिल २०२३ मध्ये जंत्रीचे दर दुप्पट केले, हेही ध्यानात असू द्या.

समजा, गुजरातच्या बाजूला २५ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे. बँक जास्तीत जास्त ९० टक्के देणार, म्हणजे २,५०,००० आपले. मुद्रांक शुल्क १,२२,५००. बँक कर्ज मोजताना हे शुल्क किमतीत धरत नाही, दहा लाखांच्या आतली घरं तेवढी अपवाद, तेव्हा तेही आपल्याच खिशातून. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल तर जीएसटी १ टक्का, म्हणजे २५,०००. त्या व्याख्येत बसत नसेल तर ५ टक्के, म्हणजे १,२५,०००. पूर्णत्वाचा दाखला मिळालेली तयार इमारत असेल तर काहीच नाही. घर तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर नोंदणीचे २५,००० वाचले. बेरीज करा, ३,९७,५००. त्यावर वकील, बँकेची फी, मेन्टेनन्सची अनामत, विजेचा मीटर, सामानाचा ट्रक. हातात चार लाख आहेत म्हणून निघालेलं कुटुंब इथं येऊन अडकतं आणि उरलेले पैसे सोन्यातून उभे राहतात. सोनं कुणाचं, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून सांगते, सोनं जर तुमचं मोडणार असेल तर कागदावर नावही तुमचं असू दे. सरकार त्यासाठी दोन्ही राज्यांत सूट देतं आहे. घर तिच्या नावावर आणि कर्ज दोघांच्या नावावर, हे बँकांना नवीन नाही. घरात हा विषय काढायला संकोच वाटतो, खरं आहे. पण ‘२५,००० वाचतात’ असं म्हणून काढला तर सासूबाईसुद्धा ऐकतात, हा पुष्कळ घरांतला अनुभव आहे!

आणखी दोन-तीन गोष्टी. रेराच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, आणि भाव कार्पेट क्षेत्रावर सांगायला हवा. कार्पेट म्हणजे चटई जिथवर अंथरता येते तेवढंच. मुंबईतली जागा विकून येत असाल तर त्या नफ्यावरचा कर वाचवायला नवं घर विक्रीच्या आधी एका वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं, बांधत असाल तर तीन. आणि मुलं दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असतील तर राज्य ओलांडण्याआधी डोमिसाइलचा विचार करा. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून व्हावी लागते. हद्द दोनशे पावलांवर असली तरी फॉर्म भरताना ती दोनशे कोसांवर असते.

आता सर्वांत महत्त्वाचं. वेवजीकडे फिरताना कुणीतरी हळूच सांगेल, ‘ताई, फ्लॅट कशाला घेता, प्लॉटच घ्या, नोटरीवर करून देतो, अगदी स्वस्तात.’ तिथून उठा. तलासरी तालुका हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग. इथली बहुसंख्य वस्ती वारली आणि इतर आदिवासींची. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्रात जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ, १९७४ सालच्या दुरुस्तीनं आलेलं, आणि गुजरातेत ७३ एए. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं. नोटरीचा कागद, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, कुलमुखत्यारपत्र, कशानंही हे टळत नाही. स्वस्त जमिनीमागं बहुधा एक गरीब घर असतं, ज्याला किंमत पुरती मिळालेली नसते, आणि पुढं एक मध्यमवर्गी घर असतं, ज्याची मालकी सिद्ध होत नाही. दोघांच्या मधला माणूस तेवढा सुखात असतो. सातबारावर भोगवटादार वर्ग कोणता, इतर हक्कांत काय लिहिलंय, बिनशेती आदेश आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

घर झालं की धुण्याला बाई लागतेच. ती येईल जवळच्या एखाद्या पाड्यावरून. तिची सून किंवा मुलगी बहुधा उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर. पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांत एप्रिल-मेमध्ये हातपंप कोरडे पडतात, आणि ज्या डोंगरांतलं पाणी मुंबईच्या बादल्यांत फेस काढतं त्याच डोंगरांतल्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात. तिच्याशी पगार ठरवताना कपड्यांची संख्या मोजली जाते, ठीक आहे. जड पाण्यात खळबळायला एक पाणी जास्त लागतं, आणि पावसाळ्यात पिळे जड असतात, तेही मोजा. उन्हाळ्यात तिनं जाताना एक कळशी भरून मागितली तर सोसायटीचा नियम दाखवू नका.

घर बघायला जायचं तर दोनदा जा. एकदा मे महिन्यात, पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते कळायला. एकदा जुलैत, भिंतीला ओल कुठं येते आणि कपडे कुठं वाळतात ते बघायला. शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळीही थांबा. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा हद्दीच्या आपल्या बाजूला संध्याकाळी कोणती दुकानं उघडी असतात आणि तिथून घरी येणारा रस्ता कसा असतो, ते मुलीच्या आईनं स्वतः चालून बघावं. परतीच्या गाड्या मोजक्याच, त्यांची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवा. वाटेत घोलवडला उतरायला जमलं तर चिकू घ्या. तिथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलेले घेऊ नका, गाडीच्या गर्दीत चिरडतात. कडक बघून घ्या, घरी दोन-तीन दिवसांत होतात, आणि त्याचा डाग साडीला लागला तर लगेच थंड पाण्यात घाला.